हजार मीटरची एक रात्र

कळसूबाई म्हणजे महाराष्ट्राचं छप्पर, उंची १,६४६ मीटर. टांझानियातल्या किलिमांजारोवर मरांगू वाटेचं नुसतं प्रवेशद्वारच त्याहून दोनशेएक मीटर उंचावर आहे. आपला सगळ्यात उंच ट्रेक संपतो, त्याच्याही वर तिथल्या वहीत नाव लिहून चालायला सुरुवात होते. उहुरू शिखर ५,८९५ मीटरवर. एकावर एक रचल्या तर साडेतीन कळसूबाई.

वाट निवडताना आपण आधी अंतर बघतो आणि मग शिल्लक रजा. त्या हिशेबात मरांगू सहज जिंकते: जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर, पाच दिवस, तंबूऐवजी लाकडी झोपड्या. तिचं टोपणनावच ‘कोका-कोला’.

आता मुक्काम मांडून बघा. मंडारा २,७२०, होरोंबो ३,७२०, किबो ४,७२० मीटर. रोज रात्री हजार मीटर वर! वैद्यकीय ठोकताळा सांगतो, ३,००० मीटरच्या पुढे झोपायची जागा रोज ५०० मीटरहून जास्त वर नेऊ नये. होरोंबो ते किबो हा एकच टप्पा ती मर्यादा दुपटीनं ओलांडतो.

सात दिवसांची माचामे वाट वरकरणी वेडगळ वाटते. शिरा मुक्कामाहून दिवसभरात साडेआठशे-नऊशे मीटर चढून लाव्हा टॉवर गाठायचा, आणि संध्याकाळी साडेसहाशे मीटर उतरून बारांकोला झोपायचं. एवढं करून पदरात पडतात जेमतेम दोनशे मीटर. पुढच्या रात्रीचा करांगा मुक्कामही साधारण ४,००० मीटरवरच. पण फुप्फुसं, मूत्रपिंडं आणि रक्त यांना जुळवून घ्यायला लागतात त्या रात्री याच. शिखरावर हवेत ऑक्सिजनचं प्रमाण खालच्याइतकंच, २१ टक्के. फक्त हवेचा दाब निम्मा. म्हणजे दर श्वासाला अर्धाच घास.

शेवटच्या रात्री हे कळतं. मरांगू वाटेवर किबोहून मध्यरात्रीच्या सुमारास निघायचं. पाण्याची बाटली उलटी ठेवायची, कारण बर्फ वरून धरतो. उलटी ठेवली तर तोंड मोकळं राहतं. पुढे १,१७५ मीटर चढ, अंतर फक्त सहाएक किलोमीटर, वेळ सहा-सात तास. मिनिटाला जेमतेम तीन मीटर, म्हणजे इमारतीचा एक मजला. वाटाडे तरीही बजावत राहतात, “पोले पोले”, हळूहळू.

२०१४ साली कार्ल एग्लोफ हा गिर्यारोहक पायथ्यापासून शिखरावर जाऊन परत खाली आला, ६ तास ४२ मिनिटांत. पण तो जन्मला इक्वेडोरच्या कीटो शहरात, सुमारे २,८५० मीटरवर. मंडाराच्या झोपड्यांहून उंच त्याचं गाव! आपण निघणार दादरहून, समुद्राच्या कडेवरून. रजेचा अर्ज आठ दिवसांचा टाकलेला बरा, प्रवासाचे दिवस वेगळे.