जुन्या मालमोटारींच्या गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती

जुन्या मालमोटारींच्या गंजलेल्या पत्र्याची दुरुस्ती हे वाहनदुरुस्तीतील पत्राकामाचे एक अंग आहे. केबिन, दारे, मडगार्ड, बॉनेट, पायदान आणि हौदा यांच्या पत्र्यावरील गंज काढणे, कुजलेला भाग कापून त्या जागी नवा पत्रा जोडणे आणि पुन्हा गंज धरू नये म्हणून संरक्षक थर देणे, अशा तीन टप्प्यांत हे काम होते. आवश्यक साधने साधी असल्यामुळे हौशी संग्राहक व वाहनमालक ते घराच्या आवारातही करतात. अशी दुरुस्ती किती काळ टिकेल हे वरच्या रंगापेक्षा पत्र्याच्या आत पाणी कोठून शिरते आणि ते बाहेर पडू शकते की नाही, यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

भारतात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत वापरात असलेल्या मालमोटारी प्रामुख्याने तीन मार्गांनी आल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराकडील अतिरिक्त वाहने ‘डिस्पोजल’च्या विक्रीतून नागरी वापरात आली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज आणि फार्गो मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९५४ पासून टेल्कोने जमशेदपूर येथे डाइमलर-बेंझच्या सहकार्याने टाटा-मर्सिडीज-बेंझ मालमोटारींचे उत्पादन सुरू केले. हे सहकार्य १९६९ मध्ये संपुष्टात आले.

ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर शहराचा इतिहासही याच काळाशी जोडलेला आहे. महायुद्धकाळात कल्याणजवळ उभारलेल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे पुनर्वसन करण्यात आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तत्कालीन गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे ‘उल्हासनगर’ असे नामकरण झाले. छावणीचे पाच विभाग आजही कॅम्प क्रमांक १ ते ५ या नावांनीच ओळखले जातात.

त्या काळातील भारतीय मालमोटारींचे एक वैशिष्ट्य दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कारखान्यातून अनेकदा केवळ चेसिस, इंजिन आणि दर्शनी भाग एवढेच मिळत असे. केबिन व हौदा स्थानिक सुतार आणि पत्रेवाले बांधत. लाकडी सांगाड्यावर पत्रा खिळ्यांनी किंवा रिव्हेटांनी ठोकलेला असे. त्यामुळे एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या दोन मालमोटारींचे पत्रे सारखे असतीलच असे नाही. तयार सुटे भाग बाजारात न मिळण्याचे आणि प्रत्येक ठिगळ मापाने कापून घडवावे लागण्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

गंज लागण्याची कारणे

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आल्यावर विद्युत-रासायनिक क्रियेने गंज तयार होतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांपेक्षा अधिक झाली की उघड्या पोलादावर ही क्रिया वेग घेते. पाण्यात मीठ असल्यास त्याची विद्युतवाहकता वाढते आणि गंजाचा वेगही वाढतो. म्हणून मीठ, मासळी किंवा खत वाहणाऱ्या मालमोटारींचे हौदे लवकर कुजतात. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट अधिक असते. त्यामुळे रंग फुगतो आणि एकमेकांवर बसवलेले दोन पत्रे फाकतात.

१९७० च्या दशकापासून मोटारउद्योगात वाहनाचा पूर्ण सांगाडा विद्युत-लेपनाच्या टाकीत बुडवण्याची पद्धत रूढ होत गेली. या पद्धतीत पोकळ भागांच्या आतही संरक्षक थर बसतो. हाताने रंगवलेल्या जुन्या केबिनमध्ये हा थर नसतो. दाराचा तळ, पायदानाची पोकळ पेटी, मडगार्डची दुमडलेली कड आणि समोरच्या काचेच्या रबराखालची खाच यांच्या आतील बाजूस अनेकदा रंग पोहोचलेलाच नसतो. तेथे धूळ साचते, ती पावसाचे पाणी धरून ठेवते आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेर रंगाचा फुगवटा दिसेपर्यंत आतील पत्रा बराच पातळ झालेला असतो.

लाकडी सांगाड्याच्या केबिनमध्ये आणखी एक कारण असते. ओले लाकूड स्पंजाप्रमाणे पाणी धरून ठेवते आणि त्यातून सौम्य आम्ले पाझरतात. त्यामुळे लाकडाला टेकलेला पत्रा खिळ्यांच्या रांगेने कुजतो. अशा ठिकाणी लाकूड न बदलता केवळ पत्रा बदलल्यास गंज पुन्हा लागतो.

पुरात बुडालेल्या वाहनांची स्थिती याहून बिकट असते. २६ जुलै २००५ रोजी तसेच जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराचा बदलापूर ते कल्याण या पट्ट्याला मोठा फटका बसला. पुराचे पाणी ओसरले तरी पोकळ भागांत शिरलेला गाळ तेथेच राहतो. तो बाहेरून दिसत नाही आणि पाण्याचे निचराछिद्र बुजवून वर्षानुवर्षे ओलावा धरून ठेवतो.

तपासणी

दुरुस्तीपूर्वी गंजाचे तीन प्रकारांत वर्गीकरण केले जाते.

पृष्ठीय गंज: केवळ वरचा थर तांबूस झालेला असतो आणि पत्र्याची जाडी टिकून असते. घासून व रंगवून तो दूर करता येतो.

खड्ड्यांचा गंज: पत्र्यावर बारीक खोल खड्डे पडलेले असतात. खड्ड्यांच्या तळाशी गंज उरतो, म्हणून रासायनिक प्रक्रिया करावी लागते.

आरपार गंज: पत्र्याला छिद्रे पडतात किंवा तो पापुद्र्यांनी सुटतो. असा भाग कापून काढण्यास पर्याय नसतो.

पत्र्याची मजबुती पाहण्यासाठी तो लहान हातोडीने ठोकला जातो. चांगल्या पत्र्याचा आवाज खणखणीत, तर कुजलेल्या पत्र्याचा बद्द येतो. टोकदार आरीने दाबल्यावर पत्रा आत गेल्यास तो निकामी समजतात. लांबी किंवा पुट्टीखाली दडलेले जुने ठिगळ शोधण्यासाठी लोहचुंबक उपयोगी पडते. लांबीच्या जाड थरावर ते पकडत नाही.

बाहेरच्या पत्र्याइतकीच केबिन जेथे चेसिसवर बसते त्या आधारांची तपासणी आवश्यक असते. मडगार्ड किंवा बॉनेट कुजल्यास प्रामुख्याने देखावा बिघडतो. मात्र केबिनचे आधार, बिजागऱ्यांचे खांब आणि चेसिसच्या मुख्य पट्ट्या भार वाहतात. त्यांवर घरगुती ठिगळ लावणे धोकादायक असून ते काम अनुभवी कारागिराकडूनच करून घेतले जाते.

दुरुस्तीची पद्धत

गंज काढणे

बॅटरी सोडवून, आसने, काचा, रबर आणि वायरिंग बाजूला केल्यानंतर कामास आरंभ होतो. रंग व सैल गंज खरवडणी, तारेचा ब्रश किंवा ग्राइंडरवरील चकतीने काढतात. ग्राइंडर एकाच जागी फार वेळ धरल्यास पत्रा तापून वाकतो आणि पातळही होतो.

खड्ड्यांतील गंजासाठी फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण वापरले जाते. ते गंजाचे रूपांतर लोहाच्या फॉस्फेटमध्ये करते. टॅनिक आम्लावर आधारित द्रावणे गंजाला काळसर, स्थिर संयुगात बदलतात. आम्लाचा अंश पत्र्यावर राहिल्यास वरचा रंग सुटतो, म्हणून उत्पादकाच्या सूचनेनुसार पत्रा धुऊन लगेच पूर्ण कोरडा करावा लागतो.

सुटे होणारे लहान भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून विद्युतप्रवाहाने स्वच्छ करता येतात. गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील वापरल्यास विषारी क्रोमियम संयुगे तयार होतात, म्हणून ते वर्ज्य मानले जाते. या क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्याने ती उघड्या जागेत करतात.

ठिगळ जोडणे

गंज दिसतो तेथेच पत्रा न कापता त्यापलीकडे दोन ते तीन सेंटिमीटर, म्हणजे चांगला पत्रा लागेपर्यंत, कापला जातो. कुजलेल्या कडेला वेल्डिंग केल्यास ती वितळून छिद्र मोठे होते. आधी जाड कागदावर साचा काढून त्याप्रमाणे नवा पत्रा कापतात. मूळ पत्र्याची जाडी मोजून तेवढ्याच जाडीचा पत्रा घेतात. १८ गेजचा पत्रा सुमारे १.२ मिलिमीटर, तर २० गेजचा सुमारे ०.९ मिलिमीटर जाड असतो. ठिगळाचे कोपरे गोल ठेवल्यास तेथे ताण एकवटत नाही.

ठिगळ दोन प्रकारे जोडता येते. एका पत्र्यावर दुसरा चढवून केलेला जोड सोपा असतो, पण दोन पत्र्यांमधील फटीत पाणी साचते आणि काही पावसाळ्यांत त्याच रेषेवर गंज उमटतो. कडेला कड भिडवून केलेल्या जोडास अधिक कौशल्य लागते. मात्र घासल्यावर तो दिसत नाही आणि पाणीही धरत नाही.

पातळ पत्र्यासाठी ०.६ ते ०.८ मिलिमीटर तारेचे मिग वेल्डिंग सोयीचे ठरते. साध्या काडीच्या वेल्डिंगने पातळ पत्रा सहज जळतो. सलग वेल्डिंग न करता सुमारे २५ ते ३० मिलिमीटर अंतरावर टाके घालतात. एक टाका एका टोकाला, पुढचा विरुद्ध टोकाला, असा क्रम ठेवून मधली जागा हळूहळू भरली जाते. उष्णता एकवटल्यास पत्रा पापडासारखा वाकतो. जोड घासून सपाट केल्यावर मागे डॉली धरून हातोडीने ठोकत पत्रा मूळ आकारात आणतात.

लांबी, रंग आणि पोकळ भागांचे संरक्षण

उघडा पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी अस्तराने झाकणे आवश्यक असते. कोकणपट्टीतील पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर काही तासांतच तांबूस थर धरू शकतो, म्हणून हे काम नोव्हेंबर ते मे या कोरड्या महिन्यांत करणे श्रेयस्कर ठरते.

लांबीचा उपयोग केवळ पृष्ठभाग समतल करण्यापुरता असतो. ती सच्छिद्र असून ओलावा शोषते. छिद्रावर जाळी किंवा कागद ठेवून वर लांबी फासल्यास पत्रा वरून गुळगुळीत दिसतो, पण मागील बाजूने ओलावा लांबीत शिरतो आणि आतील कुजणे चालूच राहते. जुने वाहन विकत घेणाऱ्यांची फसवणूक अनेकदा याच प्रकारे होते. लांबीचा थर साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा.

अखेरीस सांध्यांवर सीलर लावून पोकळ भागांत लांब नळीने मेण किंवा गंजरोधक तेल फवारले जाते. निचराछिद्रे मात्र मोकळी ठेवली जातात. ती बुजल्यास आधी केलेले सर्व काम व्यर्थ जाते.

घरी काम करताना घ्यावयाची काळजी

सुमारे १३ चौरस किलोमीटर क्षेत्रात २०११ च्या जनगणनेनुसार पाच लाखांहून अधिक लोक राहत असलेल्या उल्हासनगरात, कॅम्प क्रमांक ३ सारख्या भागांत, घरे, दुकाने आणि लहान कारखाने एकमेकांना लागून आहेत. अशा वस्तीत या कामाचे धोके शेजाऱ्यांपर्यंतही पोहोचतात.

शिसे: जुन्या रंगांत शिशाची संयुगे असू शकतात. जुन्या अस्तरासाठी वापरले जाणारे ‘रेड लेड’ म्हणजे शेंदूर होय; ते शिशाचे ऑक्साइड आहे. गेरूच्या रंगाचे ‘रेड ऑक्साइड’ हे लोहाचे ऑक्साइड असून त्यात शिसे नसते. मात्र रंगछटेवरून खात्री होत नाही, त्यासाठी चाचणी लागते. असा रंग कोरडा घासल्यास त्याची धूळ घरात पसरते आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर विपरीत परिणाम होतो. म्हणून रंग ओला ठेवून खरवडतात, पडलेले कपचे गोळा करून बंद डब्यात ठेवतात आणि कामाचे कपडे वेगळे धुतात. भारतात रंगातील शिशावर ९० पीपीएमची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु हा नियम घरगुती व सजावटीच्या रंगांपुरता आहे.

धूर: जस्त चढवलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास जस्ताच्या धुराने काही तासांनी थंडी-तापासारखी लक्षणे दिसतात. जोडाच्या कडेचे जस्त आधी घासून काढणे आणि हवा खेळती ठेवणे आवश्यक असते.

आग: काही जुन्या वाहनांत इंधनटाकी आसनाखाली किंवा आसनामागे असते. रिकाम्या टाकीतील वाफही स्फोट घडवू शकते, म्हणून वेल्डिंगपूर्वी टाकी काढून दूर ठेवतात. लाकडी सांगाड्याच्या केबिनमध्ये पत्र्यामागील लाकूड धुमसत राहू शकते. काम थांबल्यानंतरही काही काळ लक्ष ठेवावे लागते. अशा कामासाठी स्वयंपाकाचा घरगुती गॅस वापरण्यास कायद्याने मनाई आहे.

सांडपाणी: आम्लाचे द्रावण व रंगाचा गाळ गटारात सोडू नये. उल्हासनगरातून वाहणारी वालधुनी नदी औद्योगिक सांडपाण्यामुळे आधीच प्रदूषित आहे.

कायदेशीर बाबी

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांपेक्षा जुनी, व्यापारी वापरात नसलेली आणि मूळ स्वरूपात जतन केलेली दुचाकी व चारचाकी वाहने त्यात मोडतात. चेसिस, बाह्य सांगाडा किंवा इंजिन यांत मोठे फेरबदल केलेले वाहन या व्याख्येत बसत नाही. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये शुल्क असून नोंदणी १० वर्षांसाठी वैध असते. नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. अशी वाहने प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांसाठीच रस्त्यावर आणता येतात.

या तरतुदीमुळे पत्राकामाला कायदेशीर महत्त्वही प्राप्त होते. मूळ पत्रा शक्य तितका राखून कुजलेल्या भागापुरते ठिगळ लावणे आणि संपूर्ण केबिन नव्याने बांधणे या दोहोंत फरक केला जातो. त्यामुळे संग्राहक काम सुरू करण्यापूर्वीची, कापलेल्या भागांची आणि पूर्ण झालेल्या कामाची छायाचित्रे जपून ठेवतात.

हे सुद्धा पहा

गंज
वेल्डिंग
टाटा मोटर्स
प्रीमियर ऑटोमोबाइल्स
उल्हासनगर
वालधुनी नदी