आभासी जग आणि खरी जबाबदारी

विज्ञानाने माणसाला आजवर अनेक साधने दिली. दुर्बिणीने दूरचे जवळ आणले. सूक्ष्मदर्शकाने डोळ्यांना न दिसणारे दाखविले. संगणकाने मात्र याहून निराळी गोष्ट केली. जे कोठेच नाही ते तो दाखवू लागला. डोळ्यांवर एक विशिष्ट उपकरण चढविले की आपण खोलीतल्या खुर्चीवर बसलेलो असूनही उंच कड्यावर उभे आहोत असे वाटते. मान वळविली की देखावाही वळतो. हात पुढे केला की तेथील वस्तू उचलता येते. यालाच व्हर्च्युअल रिॲलिटी अथवा आभासी वास्तव असे म्हणतात.

हे जग खरे की खोटे? त्यात केलेल्या कृत्याची जबाबदारी कोणावर? हे प्रश्न केवळ तंत्रज्ञांचे नाहीत, ते तत्त्वज्ञानाचे आणि नीतीचेही आहेत. प्रस्तुत लेखात त्यांचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

आभासी जगाची जडणघडण

नकली जग निर्माण करण्याचा प्रयत्न संगणकापूर्वीच सुरू झाला होता. १९२९ च्या सुमारास अमेरिकेतील एडविन लिंक यांनी जमिनीवरच राहणारे नकली विमान तयार केले. दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिकांनी त्यावर सराव केला. तेथे चूक झाली तरी प्राण जात नसे. शिकलेले कौशल्य मात्र खरे असे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर चढविण्याचे दृश्य-उपकरण बनविले. ते इतके जड होते की छतापासून टांगावे लागे आणि त्यात केवळ रेषांच्या आकृती दिसत. पुढे १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांनी 'व्हर्च्युअल रिॲलिटी' हा शब्द लोकप्रिय केला. आज अशी उपकरणे बाजारात सहज मिळतात.

प्रश्न जुनाच आहे

जे दिसते ते खरे कशावरून, ही शंका मात्र फार प्राचीन आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने गुहेत जखडलेल्या कैद्यांची कल्पना केली. भिंतीवरच्या सावल्यांनाच ते जग समजतात. १६४१ मध्ये फ्रान्सच्या देकार्त याने विचारले की, एखादी कपटी शक्ती आपल्याला सतत फसवीत नसेल कशावरून? २००३ साली निक बोस्ट्रॉम यांनी हीच शंका संगणकयुगाच्या भाषेत मांडली. त्यांच्या मते तीनपैकी एक तरी गोष्ट खरी असली पाहिजे. एक, मानवासारख्या जवळजवळ सर्व संस्कृती संपूर्ण जगाची नक्कल करण्याइतक्या प्रगत होण्यापूर्वीच नष्ट होतात. दोन, प्रगत झालेल्या संस्कृती अशा नकला करीतच नाहीत. तीन, आपण स्वतःच बहुधा अशा एखाद्या नकलेत जगत आहोत. यांपैकी तिसरी गोष्टच खरी आहे असे बोस्ट्रॉम म्हणत नाहीत, हे मुद्दाम लक्षात ठेवावे.

आपल्या परंपरेतही या प्रश्नाचा सखोल विचार झालेला आहे. इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकातील आचार्य वसुबंधू यांचा 'विंशतिका' हा छोटासा ग्रंथ या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. बाहेर वस्तू नसतानाही त्यांचे ज्ञान होऊ शकते, असे त्यांचे प्रतिपादन. त्यावर प्रतिपक्षाचे आक्षेप त्यांनी स्वतःच मांडले आहेत. वस्तू नसेल तर ती ठरावीक ठिकाणीच का दिसते? ठरावीक वेळीच का दिसते? एकालाच न दिसता अनेकांना सारखी कशी दिसते? आणि तिच्यामुळे परिणाम कसे घडतात? वसुबंधू उत्तर देतात की, स्वप्नातही ठरावीक स्थळी व ठरावीक वेळीच गोष्टी दिसतात आणि स्वप्नाचा परिणाम शरीरावरही होतो. अनेकांना एकच आभास होऊ शकतो, हे ते प्रेतांना दिसणाऱ्या पुवाच्या नदीच्या दृष्टांताने सांगतात.

आजच्या आभासी जगाला हे चारही मुद्दे लागू पडतात. तेथील घर ठरावीक जागी असते, ठरावीक वेळी दिसते, हजारो लोकांना एकाच वेळी सारखे दिसते आणि त्याचे परिणामही घडतात. वसुबंधूंचा विज्ञानवाद आपण मान्य केलाच पाहिजे असे नाही. परंतु त्यांनी निवडलेल्या कसोट्या किती अचूक होत्या हे यावरून कळून येते.

परिणाम खरे असतात

या चार कसोट्यांपैकी परिणामाची कसोटी सर्वांत महत्त्वाची आहे. अमेरिकेत भाजलेल्या रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचे आभासी जग तयार करण्यात आले. जखमांची मलमपट्टी चालू असताना रुग्ण बर्फाळ दरीतून फिरतो आणि बर्फाचे गोळे फेकतो. त्या वेळी वेदना कमी जाणवतात असे आढळून आले आहे. बर्फ खोटा, पण वेदनेपासून मिळालेली सुटका खरी.

याची दुसरी बाजूही आहे. १९९३ मध्ये 'लॅम्डामू' नावाचे एक सामायिक आभासी जग होते. त्यात चित्रे नव्हती, केवळ अक्षरे होती. एका सदस्याने एका प्रोग्रॅमच्या साहाय्याने इतरांच्या पात्रांचा ताबा घेतल्याचा देखावा केला आणि सर्वांसमक्ष त्या पात्रांची लैंगिक विटंबना केली. कोणाच्याही शरीराला स्पर्श झाला नव्हता. तरीही त्याविरुद्ध तक्रार लिहिताना आपल्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते, असे एका पीडित स्त्रीने पुढे पत्रकार ज्युलियन डिबेल यांना सांगितले. सदस्यांनी सभा भरविली, बराच वाद झाला आणि अखेर त्या सदस्याचे पात्र काढून टाकण्यात आले. पुढे तेथे मतदानाने निर्णय घेण्याची पद्धतही आली. म्हणजे खोट्या जगातही माणसांना न्यायाची गरज भासली!

डेव्हिड चाल्मर्स यांनी २०२२ च्या आपल्या ग्रंथात म्हटले आहे की आभासी वस्तू या भ्रम नसून संगणकात खरोखर अस्तित्वात असलेल्या वस्तू आहेत. हे मत वादग्रस्त आहे. पण वस्तूंविषयी काहीही मत असले तरी त्या जगात वावरणारी माणसे खरी आहेत, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

झोप आणि जागृती

येथे 'विंशतिके'तील आणखी एक प्रश्न फार मोलाचा ठरतो. जागेपणीचे ज्ञानही स्वप्नासारखेच असेल, तर स्वप्नात केलेल्या बऱ्यावाईट कृत्याचे फळ जागेपणीच्या कृत्यासारखे का मिळत नाही? वसुबंधूंचे उत्तर असे की, स्वप्नात चित्त निद्रेने ग्रासलेले असते. म्हणजे फरक बाहेरच्या वस्तूत नाही, तो चित्ताच्या अवस्थेत आहे.

हे उत्तर आजच्या काळाला लावून पाहावे. आभासी जगात शिरणाऱ्याचे चित्त झोपलेले नसते. तो जाणूनबुजून शब्द निवडतो, समोरच्याला हिणवतो किंवा मदत करतो. तेव्हा 'हा तर नुसता खेळ होता' ही सबब त्याला देता येणार नाही. अर्थात खेळात सर्वांच्या संमतीने झालेली लुटुपुटीची लढाई आणि दुसऱ्याच्या इच्छेविरुद्ध केलेली विटंबना यांत भेद केलाच पाहिजे.

रॉबर्ट नोझिक यांनी १९७४ मध्ये विचारले होते की, हवा तो सुखद अनुभव देणारे यंत्र मिळाले तर तुम्ही जन्मभर त्याला जोडून घ्याल काय? त्यांचे स्वतःचे उत्तर नकारार्थी होते. माणसाला चांगले काम केल्याचा नुसता भास नको असतो. ते काम प्रत्यक्ष करावयाचे असते, असे त्यांना वाटे.

विद्यार्थ्यांनी या नव्या साधनाला भिण्याचे कारण नाही. शल्यक्रियेचा सराव, विमान चालविण्याचे शिक्षण, दूरच्या व लुप्त झालेल्या वास्तूंचे दर्शन यांसाठी त्याचा अवश्य उपयोग करावा. मात्र उपकरण डोळ्यांवर चढविताना विवेक बाजूला काढून ठेवू नये. समोर दिसणारे जग कितीही खोटे असले तरी त्यातल्या पात्रामागे बहुधा आपल्यासारखाच एक जिवंत माणूस असतो आणि त्याला होणारे दुःख आभासी नसते, एवढे भान ठेवले तरी पुष्कळ झाले.