सही पालकाची, जबाबदारी कोणाची? शाळा समितीत काम करणाऱ्या आई-वडिलांचा ताण समजून घेऊ

बुलढाणा : विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात. उन्हाळा लांबतो म्हणून इथे राज्याच्या इतर भागांपेक्षा शाळा उशिरा सुरू होतात. नेमका तेव्हाच मृग-आर्द्राचा पाऊस पडलेला असतो आणि चिखली, मेहकर, लोणारकडच्या शिवारात सोयाबीनची पेरणी सुरू असते. तिफणीमागे किंवा ट्रॅक्टरजवळ उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात फोन वाजतो. शाळेतून निरोप असतो : गणवेशाचा ठराव घ्यायचा आहे, अध्यक्षांची सही लागेल, दुपारपर्यंत या.

हा माणूस शाळेचा नोकर नसतो. तो एका विद्यार्थ्याचा बाप असतो आणि शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष असतो. या कामाचे मानधन त्याला मिळत नाही. पण पुढची दोन वर्षे शाळेच्या पैशांपासून पोषण आहाराच्या खिचडीपर्यंत प्रत्येक गोष्टीचा जाब गाव त्याला विचारणार असते.

जिल्ह्यातल्या तेराही तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांना अशा समित्या आहेत. हे काम पालकांना जड का जाते आणि त्यातून वाट कशी काढायची, ते पाहू.

समिती म्हणजे नेमके काय?

शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. समितीतले किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत ५० टक्के महिला असाव्या लागतात. वंचित घटकांतील मुलांच्या पालकांनाही प्रमाणात जागा द्यावी लागते.

महाराष्ट्राने जून २०१० मध्ये शासन निर्णय काढून १२ ते १६ सदस्यांची रचना ठरवली. अध्यक्ष पालकांमधून निवडला जातो. मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात.

कायद्याने समितीला तीन मुख्य कामे दिली आहेत : शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणे आणि मिळालेले अनुदान कसे खर्च होते ते पाहणे.

खामगाव, मलकापूर किंवा बुलढाणा शहरातल्या खासगी शाळांमधला शिक्षक-पालक संघ वेगळा. तो राज्याच्या शुल्क नियमन कायद्याखाली येतो आणि तिथला मुख्य विषय फी असतो. जिल्हा परिषद शाळेतल्या समितीकडे त्यापेक्षा बरेच जास्त काम असते.

ताण कुठून येतो?

१. बैठक म्हणजे बुडालेला रोज

समितीची बैठक महिन्यातून किमान एकदा व्हावी, असे नियम सांगतो. बैठक बहुतेक वेळा शाळेच्या वेळेत होते. नोकरदाराला अर्धी रजा टाकता येते. मजुरी करणाऱ्या आईला तो दिवस सोडावा लागतो. २०२५-२६ साठी राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. वर्षाच्या बारा बैठकांना बारा दिवस गेले, तर तेवढ्यानेच साडेतीन हजारांवर मजुरी बुडते. सोयाबीन काढणीच्या किंवा कापूस वेचणीच्या दिवसांत तर माणूस सापडतच नाही. मग बैठक कागदावर होते आणि रजिस्टर सहीसाठी घरी येते.

२. सहीची भीती

शाळेचा खर्च अध्यक्ष आणि मुख्याध्यापक यांच्या सहीने होतो. समग्र शिक्षा योजनेत पटसंख्येनुसार शाळेला वार्षिक संयुक्त अनुदान मिळते. ३० पर्यंत विद्यार्थी असतील तर १० हजार रुपये, ३१ ते १०० असतील तर २५ हजार, १०१ ते २५० असतील तर ५० हजार. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात.

४५ मुलांच्या शाळेचे उदाहरण घ्या. वर्षाला २५ हजार म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडे वर. त्यात खडू, रजिस्टर, किरकोळ दुरुस्ती आणि शौचालयाची सफाई बसवायची. रक्कम छोटी असली तरी ती सरकारी आहे आणि तिचा हिशेब द्यावा लागतो. पावती कशी वाचायची हे अनेक पालकांना कोणी शिकवलेले नसते. 'सर म्हणाले म्हणून सही केली' हे उत्तर पुढे कामाला येत नाही, एवढे मात्र त्यांना ठाऊक असते.

३. गणवेशाचा दरवर्षीचा घोळ

मोफत गणवेशासाठी एका विद्यार्थ्यामागे दोन जोड्यांचे ६०० रुपये ठरलेले आहेत. एका जोडीला ३०० रुपये. त्यात कापड आणि शिलाई दोन्ही आले.

२०२४-२५ मध्ये राज्याने हे काम समित्यांकडून काढून 'एक राज्य, एक गणवेश' योजना राबवली. कापड वरून आले आणि शिलाई बचत गटांकडे गेली. गणवेश उशिरा मिळाल्याच्या आणि मापात न बसल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरवला आणि काम पुन्हा समित्यांकडे दिले.

निर्णय वर बदलला, पण विचारणा गावातच होते. 'भाऊ, पोराचा गणवेश अजून का नाही आला?' हा प्रश्न अध्यक्षाला पारावर, दुकानात आणि लग्नाच्या पंगतीतही ऐकावा लागतो.

४. नात्यातला वाद

गाव लहान असते. पोषण आहार शिजवणाऱ्या ताई भावकीतल्या असतात, वर्गणी न देणारा शेजारी असतो आणि उशिरा येणारे शिक्षक आपल्याच मुलाला शिकवत असतात. भाजीत पाणी जास्त आहे असे बोलले तर घरोबा तुटतो. नाही बोलले तर मुलांच्या ताटाशी बेइमानी होते. सरांविषयी तक्रार केली तर त्याचा राग आपल्या पोरावर निघेल, ही धास्ती बरेच पालक मनातच ठेवतात. त्यात काही गावांत ग्रामपंचायतीचे गट-तट समितीच्या निवडीतही उतरतात.

५. रात्री वाजणारा ग्रुप

पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप सोयीसाठी सुरू होतो. काही दिवसांत तिथे सुप्रभात, तक्रारी, टोमणे आणि अर्धवट माहिती असे सगळेच येऊ लागते. रात्री दहाला कोणी शौचालयाच्या तुटलेल्या दाराचा फोटो टाकतो आणि 'समिती झोपली का?' असे विचारतो. दिवसभर राबून आलेल्या माणसाला तिथे उत्तर द्यावे लागते. उत्तर नाही दिले तर त्याचाही अर्थ काढला जातो.

जे समितीच्या हातात नाही, त्याचेही ओझे

सर्वांत जास्त थकवा ज्या गोष्टी समिती करूच शकत नाही त्यांचा येतो. शिक्षकांची रिक्त जागा हे त्याचे ठळक उदाहरण.

कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत, ६१ ते ९० साठी तीन. कलम २६ नुसार मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांहून जास्त पदे रिक्त राहू नयेत. पण शिक्षकांची नेमणूक किंवा बदली समिती करत नाही. ते काम प्रशासनाचे आहे. तरी एक शिक्षक बदलून गेला आणि दुसरा आला नाही, की पालक अध्यक्षाच्या दारात येतात. शाळेला कुलूप ठोकायचे की निवेदन द्यायचे, हा पेच त्याच्यासमोर उभा राहतो. कुलूप ठोकले तर मुलांचाच अभ्यास बुडतो.

पाण्याचेही तसेच आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागातल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचे पाणी खारट आहे. शाळेत पिण्यायोग्य पाणी देणे ही शासनाची आणि जिल्हा परिषदेची जबाबदारी आहे. समितीने मागणी लावून धरायची असते. टँकरचे पैसे सदस्याने खिशातून भरायचे नसतात.

वर्गणीबाबतही हीच रेषा लक्षात ठेवावी. गावाने आनंदाने दिलेला लोकसहभाग चांगला आणि त्यातून अनेक शाळा रंगल्या आहेत. पण फी किंवा खर्चापायी कोणत्याही मुलाचे प्राथमिक शिक्षण अडू नये, असे कलम ३ सांगते. त्यामुळे वर्गणी सक्तीची करता येत नाही आणि ती जमली नाही म्हणून सदस्याने अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही.

महिला सदस्यांचा ताण दुहेरी

निम्म्या जागा महिलांच्या आहेत. अनेक ठिकाणी नाव आईचे असते आणि बैठकीला बाबा येतात. जी आई स्वतः येते, तिला स्वयंपाक, शेत आणि बैठक यांचा मेळ घालावा लागतो. वर 'तुम्हाला काय कळते, वहिनी' हेही ऐकावे लागते. मुलींच्या शौचालयाचे दार, पाण्याची सोय, डब्यातल्या खिचडीची चव या गोष्टी मात्र तिलाच आधी कळतात. बैठकीची वेळ महिला सदस्यांना विचारून ठरवली, तर अर्धी अडचण तिथेच सुटते.

मग करायचे काय?

एकट्याने उत्तर देऊ नका. कायद्याने काम समितीला दिले आहे, अध्यक्षाला एकट्याला नाही. गणवेश एका सदस्याकडे, पोषण आहार दुसरीकडे, दुरुस्ती तिसऱ्याकडे असे वाटून घ्या आणि कोणाकडे काय आहे ते शाळेच्या फलकावर लिहा.

इतिवृत्त लिहा आणि उघडे ठेवा. बैठकीतले निर्णय नीट नोंदवून लोकांना पाहता येतील असे ठेवावेत, असे केंद्राच्या नियमांतच म्हटले आहे. जमा-खर्चाचा कागद भिंतीवर लागला की पारावरचे निम्मे प्रश्न आपोआप थांबतात.

मागणी आराखड्यात आणा. शाळा विकास आराखडा तीन वर्षांचा असतो आणि आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार व्हायला हवा. म्हणजे डिसेंबरअखेर. तुटलेली भिंत, कमी वर्गखोल्या, शिक्षकांची गरज त्यात आकड्यांसह लिहिली, तर समितीने आपले काम केल्याचा तो पुरावा ठरतो.

तक्रार लेखी द्या. आधी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. कलम ३२ नुसार स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार दिली, तर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा. त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रार समितीच्या ठरावाने गेली, तर एकाच पालकाचे नाव पुढे येत नाही आणि मुलावर राग निघण्याची भीतीही कमी होते.

ग्रुपला वेळ लावा. ग्रुपवर फक्त सूचना, तक्रार बैठकीत, आणि रात्री आठनंतर संदेश नाही. एवढे तीन नियम पहिल्याच पालक सभेत मंजूर करून घ्या.

सही करण्याआधी पाच प्रश्न

• हा खर्च कोणत्या बैठकीत मंजूर झाला?
• पावतीवर तारीख, दुकानाचे नाव आणि रक्कम आहे का?
• वस्तू शाळेत आलेली मी पाहिली का?
• कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या धनादेशावर तर सही मागितली जात नाही ना?
• या कागदाचा फोटो माझ्याकडे आहे का?

यातल्या एकाचेही उत्तर मिळत नसेल, तर 'सर, उद्या बघून करतो' एवढे म्हणावे. पालकाने कागद वाचायला वेळ मागितला, तर तो शिक्षकांवरचा अविश्वास ठरत नाही. प्रामाणिक मुख्याध्यापकालाही दुसऱ्याने तपासलेला हिशेब सोयीचाच असतो.

पुढच्या समितीसाठी

दर दोन वर्षांनी समिती नव्याने बनते. जुने सदस्य थकून जातात, नवे काहीच माहीत नसताना येतात आणि गाडी पुन्हा पहिल्या पानावर. जाणाऱ्या अध्यक्षाने इतिवृत्ताची वही, आराखडा आणि अपुऱ्या कामांची यादी नव्या अध्यक्षाच्या हाती दिली, तर त्याची पहिली सहा महिने वाचतात. नाहीतर पुढच्या पालक सभेत मुख्याध्यापक नाव सुचवायला सांगतील, तेव्हा शाळेची खरी काळजी असलेले आई-वडीलच मान खाली घालून बसतील.