एका दिवसात करवीर

मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग 1891 साली सुरू झाला आणि करवीरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या, यात्रेचे गणितच बदलले. बैलगाडीने मुक्काम करत येणारा यात्रेकरू आता सकाळी उतरून संध्याकाळी परतू लागला. या मार्गावर हातकणंगले हे मधले स्टेशन. पूर्वेला जयसिंगपूर, पश्चिमेला रुकडी, वळिवडे आणि मग कोल्हापूर. तिरुपतीची हरिप्रिया एक्स्प्रेसही याच रुळांवरून जाते. बाहेरगावच्या भाविकाला मात्र हातकणंगले माहीत असते ते फलाटावरच्या पिवळ्या पाटीपुरते.

नकाशा समोर ठेवला की हे गाव किती मोक्याच्या जागी आहे ते कळते. पश्चिमेला वीसेक किलोमीटरवर अंबाबाई, त्याच्या पुढे जोतिबा आणि पन्हाळा. पूर्वेला नरसोबाची वाडी, त्याही पुढे कृष्णाकाठी खिद्रापूर. आणि तालुक्याच्या हद्दीतच, कुंभोजजवळच्या डोंगरावर, बाहुबली. शाक्त, शैव, दत्तसंप्रदायी आणि जैन अशा चार परंपरांची ठिकाणे या गावापासून काही तासांच्या अंतरात आहेत. महाराष्ट्रात असा योग फार थोड्या गावांच्या वाट्याला आला आहे.

‘कोल्हापूर दर्शन’ या नावाने जी एक दिवसाची सहल आज विकली जाते, तिचा साचा ठरलेला आहे. पहाटे निघायचे, अंबाबाईच्या रांगेत लागायचे, जोतिबा, पन्हाळा, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, मग न्यू पॅलेस, रंकाळा, आणि अंधार पडता पडता वाडी. खिद्रापूर ‘वेळ मिळाला तर’ या खात्यात. बाहुबली बहुतेक यादीत नसतेच. ठिकाणे वाढवली की गिऱ्हाईक खूश होते, हा ट्रॅव्हल्सवाल्यांचा अनुभव. त्यामुळे प्रत्येक ठिकाणाला मिळते ते अर्धा-पाऊण तासाचे माप, आणि त्यातला मोठा हिस्सा चप्पल स्टँड आणि रांगेत जातो.

खरे नुकसान मात्र वेळेपेक्षा सांगण्यात होते. अंबाबाईच्या देवळात शिरताना ‘इथले खांब कुणाला मोजता येत नाहीत’ ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. गोष्ट म्हणून ती गोड आहे आणि ती सांगू नये असे कुणी म्हणणार नाही. पण त्याच देवळात, पूर्व दरवाजाजवळ, शेषशायी विष्णूचे छोटे मंदिर आहे. त्याच्या मंडपाच्या छताकडे मान वर करून पाहिले तर जैन तीर्थंकरांच्या लहान लहान मूर्ती कोरलेल्या दिसतात. शिलाहारांच्या काळात या नगरीत कोणकोणते उपासक शेजारी शेजारी नांदत होते याचा दगडातला पुरावा डोक्यावर आहे, आणि खालून रोज हजारो माणसे पुढे सरकतात. तिथे थांबून बोट वर करणारा माणूस सोबत असला तर दोन मिनिटे पुरतात.

मूर्तीचेही तसेच. सुमारे तीन फूट उंचीची ही पाषाणमूर्ती. हातांत म्हाळुंग, गदा, ढाल आणि पानपात्र, मस्तकावर नाग आणि लिंग, मागे सिंह. देवीला अंबाबाई म्हणावे की महालक्ष्मी, यावर कोल्हापुरात गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो या खुणा पाहिल्याशिवाय समजतच नाही. दरवर्षी नवरात्रात तिरुपती देवस्थानाकडून इथे शालू येतो, ही एक परंपरा. मूर्तीची लक्षणे आदिशक्तीकडे बोट दाखवतात, हे अभ्यासकांचे म्हणणे. चांगला गाईड दोन्ही सांगतो. आक्रमणांच्या काळात मूर्ती लपवून ठेवली होती आणि 1715 साली तिची पुन्हा प्रतिष्ठापना झाली, हेही तो सांगतो. आज दिसणारी गर्दी, महाद्वार रोड, पालखी हे सारे त्या पुनःप्रतिष्ठापनेनंतरचे वैभव आहे.

किरणोत्सवाची गोष्ट तर शाळेतल्या मुलालाही समजावता येईल अशी आहे. देवी पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरच्या 9, 10, 11 तारखांना आणि पुन्हा 31 जानेवारी, 1 आणि 2 फेब्रुवारीला मावळतीची किरणे महाद्वारातून आत येतात, गरुड मंडप ओलांडतात आणि गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी छाती, तिसऱ्या दिवशी मुख. या दोनच वेळा का? 21 डिसेंबरच्या आसपास सूर्य सर्वांत दक्षिणेला मावळतो. 10 नोव्हेंबर त्याच्या आधी 41 दिवस आणि 31 जानेवारी त्याच्यानंतर 41 दिवस. म्हणजे जाताना आणि परतताना सूर्य क्षितिजावरच्या जवळपास त्याच जागी टेकतो. देऊळ बांधणाऱ्यांनी ती जागा हेरून दाराची रेषा धरली. आता पश्चिमेकडे उभ्या राहिलेल्या इमारती, हवेतली धूळ आणि ढग यांमुळे काही वर्षी किरणे कमरेपर्यंत येऊनच थांबतात. त्यासाठी वाटेतल्या अडथळ्यांची मोजणी झाली, काही बांधकामे उतरवलीही गेली. शहराने आपल्या बांधकामाची उंची एका सूर्यकिरणासाठी मोजावी, ही कोल्हापूरकरांची कमाई आहे, आणि सहलीच्या गाडीत ती अभिमानाने सांगायला हवी.

मंदिरापासून पंचगंगेकडे गेले की ब्रह्मपुरीची टेकडी लागते. 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी इथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. या टेकडीतून सातवाहनकाळातले गाव वर आले, आणि याच परिसरात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी ब्राँझ मूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेच्या काठचा माणूस भूमध्य समुद्राच्या व्यापाराशी जोडलेला होता. देवदर्शनाला आलेल्या माणसाला हे ऐकायला आवडत नाही असे समजणे चूक आहे. सहसा त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

जोतिबाच्या डोंगरावर गुलालाने दगडही गुलाबी झालेले. इथे एकाच आवारात तीन देवळे उभी आहेत. मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी 1730 च्या सुमारास बांधले, केदारेश्वराचे 1808 मध्ये दौलतराव शिंद्यांनी आणि मधले चोपडाईचे 1750 साली प्रीतिराव चव्हाण हिंमतबहादूर यांनी. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे हे दैवत, म्हणून मराठ्यांच्या उत्तरेतल्या दौडीचा धागा या डोंगराला बांधलेला आहे. माघातल्या रविवारी कोल्हापूरकर पायी ‘खेटे’ घालतात, चैत्र पौर्णिमेला सासनकाठ्या नाचतात. रविवारी सहल काढणाऱ्याने ही गर्दी धरूनच वेळ ठरवावी.

आता पूर्वेकडे. वाडीला मूर्ती नाही, पादुका आहेत. नृसिंह सरस्वतींनी कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर बारा वर्षे वास्तव्य केले अशी श्रद्धा. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी देवळात शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करायला लोक धावत येतात. हा दक्षिणद्वार सोहळा. पुराला घाबरायचे सोडून त्याला देवाच्या पायावरचे तीर्थ मानणारी ही माणसे 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत घरदार पाण्यात गेलेलीही आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही सांगितल्याशिवाय वाडी कळत नाही. बसुंदी आणि कवठाची बर्फी घ्यायला वेळ मिळतोच.

खिद्रापूरसाठी मात्र मन लावून दोन तास काढावेत. इथल्या कोपेश्वर मंदिराचा स्वर्गमंडप हे या साऱ्या वाटेवरचे सर्वांत मोठे धन आहे. गोल मंडप, अठ्ठेचाळीस खांब, आणि मधोमध छताला मुद्दाम ठेवलेले सुमारे तेरा फूट व्यासाचे वर्तुळ, त्यातून थेट आकाश. खाली त्याच मापाची गोल रंगशिळा. तिच्यावर उभे राहून वर पाहिले की कडेने आपापल्या वाहनांवर बसलेले दिक्पाल दिसू लागतात. खांब तासताना कारागिराने एकाच खांबाला चौकोन, अष्टकोन आणि वर्तुळ असे आकार दिले आहेत. बोट फिरवले तर एकातून दुसरा आकार कुठे सुरू झाला ते जाणवते. बाहेर देऊळ पेलून धरणारी हत्तींची रांग. शिवाच्या देवळात नंदी असतोच, इथे नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकातल्या यडूरला आहे असे लोक सांगतात.

या देवळाला सर्रास ‘हेमाडपंती’ म्हटले जाते. पण दक्षिण दाराशी यादव राजा सिंघण याचा शके 1136 चा, म्हणजे 1213-14 चा, दानलेख आहे. ज्याच्या नावावरून हे विशेषण आले तो हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारात आला तो त्यानंतर जवळजवळ अर्धशतकाने. देऊळ शिलाहारांच्या काळात, बाराव्या शतकात आकाराला आले. शिलाहारांचा पाडाव करून आलेल्या सिंघणाने जुन्याच देवाला दान दिले. इथले बरेच लेख हळेकन्नडमध्ये आहेत, सिंघणाचा संस्कृतात. आजच्या राज्यसीमेच्या कितीतरी आधी या काठावर दोन भाषा एकाच भिंतीवर लिहिल्या जात होत्या.

परतीच्या वाटेवर बाहुबली. डोंगरपायथ्याशी 28 फुटी संगमरवरी उभी मूर्ती, 1963 मध्ये प्रतिष्ठापित. ब्रह्मचर्याश्रमाचे गुरुकुल इथेच आहे आणि डोंगरावर दिगंबर व श्वेतांबर दोन्ही पंथांची मंदिरे आहेत. शेजारचे कुंभोज हे कर्मवीर भाऊराव पाटलांचे जन्मगाव. 22 सप्टेंबर 1887 रोजी इथे जन्मलेल्या या माणसाने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली. सहलीची गाडी कुंभोजच्या फाट्यावरून जाताना एवढे तरी ड्रायव्हरने सांगावे.

नवरात्रात कोल्हापूरची शहर बससेवा केएमटी दुर्गादर्शनाच्या खास गाड्या सोडत आली आहे. तशीच गाडी हातकणंगल्याहून पूर्वेच्या फेरीसाठी वर्षभर का निघू नये? तालुक्यात महाविद्यालये आहेत, इतिहास शिकलेली मुले-मुली आहेत, त्यांना शिलालेख दाखवायला शिकवणारे अभ्यासक कोल्हापुरात आहेत. स्टेशन आहे, हमरस्ता आहे.

तोवर स्वतः गाडी ठरवणाऱ्यांना एवढेच सांगणे: सहा ठिकाणे एका दिवसात कोंबू नका. अंबाबाई, ब्रह्मपुरी, जोतिबा हा एक दिवस. बाहुबली, वाडी, खिद्रापूर हा दुसरा. गाईड घेताना त्याला आधी विचारा, खिद्रापूरचा सिंघणाचा लेख नेमका कुठे आहे ते दाखवाल का. आणि खिद्रापूरला दुपारीच पोचा, अंधारात तिथले कोरीवकाम दिसत नाही.