घराचे वीजदेयक ठरते बांधकामाच्या आराखड्यावर

घर बांधणारा एक आणि त्याचे वीजदेयक भरणारा दुसरा, ही निवासी बांधकामातील जुनी अडचण आहे. भिंती, छत व खिडक्यांचा निर्णय विकासक घेतो. घर तापत असेल तर वातानुकूलनाचा वाढीव खर्च मात्र सदनिकाधारकाला वर्षानुवर्षे सोसावा लागतो.

यावर उपाय म्हणून केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ जाहीर केली. थंड हवामानाचे प्रदेश वगळता, छताखेरीज इमारतीच्या बाह्य आवरणातून आत येणारी सरासरी उष्णता प्रति चौरस मीटर १५ वॉटहून अधिक नसावी, असे ही संहिता सांगते. उघडता येणाऱ्या खिडक्यांचे चटईक्षेत्राशी किमान प्रमाण उष्ण व कोरड्या प्रदेशात १० टक्के, तर मुंबईसारख्या उष्ण व दमट प्रदेशात १६.६६ टक्के ठरविण्यात आले आहे.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१९ मध्ये घरांसाठी एक ते पाच ताऱ्यांची मानांकन योजनाही सुरू केली. विद्युत उपकरणांप्रमाणेच येथेही अधिक तारे म्हणजे कमी वीजवापर. पुढे २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या.

खिडक्यांवरील छज्जे, उष्णतारोधक भिंती आणि छतावरील परावर्तक लेप यांचा विचार आराखड्यातच झाल्यास खर्च मर्यादित राहतो. इमारत उभी राहिल्यावर भिंती बदलता येत नाहीत. त्यामुळे सदनिकेची नोंदणी करण्यापूर्वीच मानांकनाची विचारणा करणे ग्राहकाच्या हिताचे ठरते.