जग वाचायला किती माणसं लागतात?

लंडनमध्ये राहणाऱ्या अ‍ॅन मॉर्गन या लेखिकेने 2011 साली आपल्या घरातली पुस्तकांची कपाटं जरा बारकाईने पाहिली. इंग्रजी साहित्य शिकलेली, लेखन-संपादनावर पोट असलेली बाई. कपाटं अर्थातच गच्च भरलेली. पण जवळजवळ सगळे लेखक ब्रिटिश किंवा अमेरिकी. दुसऱ्या भाषेतून अनुवादित होऊन आलेलं पुस्तक शोधावं लागत होतं. त्यात तिच्या एकटीचा दोष नव्हता. ब्रिटनमध्ये तेव्हा छापल्या जाणाऱ्या साहित्यात अनुवादाचा वाटा साडेचार टक्क्यांच्या आसपास होता. दुकानात जे नाही ते कपाटात कुठून येणार? तिने एक संकल्प सोडला: 2012 या एका वर्षात जगातल्या प्रत्येक देशाचं एक पुस्तक वाचायचं.

वर्षभराचे वाचनसंकल्प पुष्कळ जण करतात. कुणी बारा पुस्तकं म्हणतं, कुणी बावन्न, कुणी शंभर. मित्रमंडळी एकमेकांना आकडे सांगतात, मार्चपर्यंत जोर असतो. पण मॉर्गनचा हा संकल्प मला इतर सगळ्यांहून वेगळा वाटतो आणि त्याची गोष्ट मी भेटेल त्याला सांगत असतो. कारण ती वरवर वाचनाच्या वेगाची गोष्ट दिसते आणि आत शिरलं की तिचं रूपच बदलतं.

आधी आकडे. संयुक्त राष्ट्रसंघाचे सदस्य देश 193, निरीक्षक म्हणून असलेले व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन हे दोन, शिवाय तैवान. झाले 196. आणखी एक जागा तिने या यादीत न बसणाऱ्या प्रदेशांसाठी राखली. वाचकांनी मतं देऊन ती कुर्दिस्तानला दिली. एकूण 197 पुस्तकं. ते लीप वर्ष होतं, म्हणजे दिवस 366. एका पुस्तकाच्या वाट्याला पंचेचाळीस तासही येत नाहीत आणि त्यातच झोप, नोकरी, स्वयंपाक, प्रवास.

हे शरीराला शक्य तरी आहे का? आहे, आणि ते कसं हे पाहिलं की स्वतःच्याच डोळ्यांबद्दल आदर वाटू लागतो. मार्क ब्रिसबार्ट या संशोधकाने अनेक जुन्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेऊन 2019 मध्ये दाखवलं की इंग्रजी मनात वाचणारा प्रौढ माणूस मिनिटाला साधारण 240 ते 260 शब्द वाचतो. मध्यम आकाराची कादंबरी नव्वद हजार शब्दांची धरली तर सहा तास. म्हणजे मॉर्गनला रोज सव्वातीन तास बसावं लागणार. जाता-येताची लोकलगाडी आणि संध्याकाळ धरून ते जमतं.

त्या सहा तासांत डोळे काय करतात? आपल्याला वाटतं, ते ओळीवरून संथपणे सरकत जातात. पॅरिसमध्ये एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत 1870 च्या दशकाच्या अखेरीस लक्षात आलं की तसं नसतं. डोळा उड्या मारतो. एका शब्दावर सुमारे पाव सेकंद थांबतो, सात-आठ अक्षरं पुढे झेपावतो, पुन्हा थांबतो. उडीच्या त्या निमिषात त्याला काही वाचता येत नाही. स्पष्ट दिसण्याची जागाही किती? हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाएवढी. बाकीचं पान धूसरच असतं. सेकंदाला चार थांबे धरले तर सहा तासांच्या कादंबरीसाठी डोळा शहाऐंशी हजारांहून जास्त वेळा थांबतो आणि तितक्याच उड्या मारतो. अशा लाखभर तुकड्यांतून आपल्याला एक सलग गाव दिसतं, त्यातली माणसं बोलताना ऐकू येतात, कुणाच्या तरी मरणाने घसा दाटून येतो.

पण डोळ्यांनी उडी मारायची कशावर? पुस्तक हातात तर यायला हवं. इथे मॉर्गन अडली आणि इथूनच ही गोष्ट खरी सुरू होते.

यादी घेऊन दुकानात जावं तर अर्ध्या जगाची कोरी पाटी. काय वाचावं हे कुणाला विचारावं हेही कळेना. मग तिने इंटरनेटवर अनोळखी लोकांनाच विचारलं. काही दिवसांतच क्वालालंपूरहून एका बाईने कळवलं, मी आमच्या इथल्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानात जाते आणि तुझ्यासाठी मलेशियाचं पुस्तक निवडून पाठवते. ओळख ना पाळख. काही आठवड्यांनी पार्सल आलं. त्यात मलेशियाचं पुस्तक होतंच, शिवाय न मागता निवडलेलं सिंगापूरचंही होतं. हे वाचलं तेव्हा मला वाटलं, त्या बाईला पुस्तक पाठवताना किती आनंद झाला असेल! आपल्या आवडीचं पुस्तक दुसऱ्याच्या हातात देताना होतो तोच. फक्त मध्ये दहा हजार किलोमीटर.

मग सगळ्यात अवघड देश आले. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याबाहेर गिनीच्या आखातात साओ टोमे आणि प्रिन्सिप नावाचं छोटं द्वीपराष्ट्र आहे. 1975 पर्यंत पोर्तुगालची वसाहत, म्हणून लिहिण्याची भाषा पोर्तुगीज. तिथलं इंग्रजीत आलेलं एकही पुस्तक मॉर्गनला सापडेना. संकल्प इथेच मोडायचा. तिने आवाहन केलं, कुणी माझ्यासाठी एखादं पुस्तक अनुवादित करून द्याल का? आठवड्याभरात गरजेपेक्षा जास्त माणसं पुढे आली. ओलिंदा बेजा या लेखिकेच्या कथासंग्रहाचे तुकडे युरोप-अमेरिकेतल्या नऊ जणांनी वाटून घेतले आणि इंग्रजीत आणले. त्यांत मार्गारेट जुल कोस्टा होत्या. जोसे सारामागो यांच्या अनेक कादंबऱ्या इंग्रजीत आणणाऱ्या अनुवादिका! नोबेल विजेत्याच्या कादंबऱ्या अनुवादित करणारा हात एका अनोळखी वाचकाच्या वार्षिक संकल्पासाठी चालला, पै न घेता.

दक्षिण सुदान हा देश जन्मला 9 जुलै 2011 रोजी. मॉर्गनचं वर्ष सुरू झालं तेव्हा तो सहा महिन्यांचाही नव्हता. यादवीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशात रस्ते, शाळा, दवाखाने उभे राहायचे होते. पुस्तक कुठून आणणार? ज्युलिया दुआनी या तिथल्या लेखिकेने खास तिच्यासाठी एक कथा लिहून दिली. पनामाच्या हुआन दाविद मॉर्गन यांनी आपल्या कादंबरीचा तोवर न छापलेला इंग्रजी अनुवाद धाडला. तुर्कमेनिस्तानचे अक वेलसापार मायदेशी बंदी आल्यावर स्वीडनमध्ये जाऊन राहिलेले. त्यांच्या कादंबरीचा अनुवादही हस्तलिखित स्वरूपातच तिच्याकडे पोचला. तो छापून बाहेर आला 2016 मध्ये. म्हणजे जगातल्या इंग्रजी वाचकांच्या चार वर्षं आधी लंडनच्या गाडीत बसून एक बाई तो वाचत होती.

आता भारत. आपल्यासारख्या देशाला एकच पुस्तक, हे ऐकूनच कुणाचंही मन खट्टू होईल. माझंही झालं. मॉर्गनने मूळ इंग्रजीत लिहिलेली, जगभर गाजलेली कादंबरी इथे घेतली नाही, तर एम. टी. वासुदेवन नायर यांची ‘कालम्’ ही मल्याळम कादंबरी अनुवादातून वाचली. साहित्य अकादमीने 1970 सालीच गौरवलेली ही कादंबरी. निवड मला फार आवडली, तरी एका देशाला एक पुस्तक हा नियम हेकटच आहे. मात्र त्या हेकटपणातच सगळी ताकद होती, हे मान्य करायला हवं. मोकळं सोडलं असतं तर तिने आपल्या आवडीचं वाचलं असतं आणि आवड तर त्या जुन्या कपाटानेच घडवलेली. नियमाने निवड तिच्या हातून काढून घेतली. उरलं एकच, दुसऱ्याला विचारणं.

असं ठरवून आणि मिळून वाचणं जुनंच आहे. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या शटाक्वा नावाच्या सरोवरकाठी जॉन हेल विन्सेंट यांनी 1878 मध्ये एक वाचनमंडळ काढलं. चार वर्षांचा वाचनक्रम, दर वर्षाची पुस्तकं ठरलेली, घरबसल्या वाचायची, पत्राने कळवायचं. पहिल्याच वर्षी आठ हजारांहून जास्त लोकांनी नावं घातली. शेतावरच्या बायका, दुकानदार, लहान गावांतल्या शिक्षिका. ज्यांना कॉलेजचं तोंड पाहायला मिळालं नव्हतं अशी माणसं. पहिलं पुस्तक होतं जॉन रिचर्ड ग्रीन यांचा इंग्लंडच्या जनतेचा इतिहास, चांगलाच जाडजूड. या वाचकांच्या पत्रांना उत्तरं द्यायला बसली केट किंबल नावाची अठरा वर्षांची मुलगी आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षं ती तेच करत राहिली. चार वर्षांचं वाचन पुरं करणाऱ्यांसाठी तिथे एक ‘सोनेरी दरवाजा’ आहे. तो वर्षातून एकाच दिवशी उघडतो आणि त्यातून फक्त वाचन पुरं केलेली माणसं चालत जातात. 1882 मध्ये पहिली तुकडी गेली. मंडळ आजही चालू आहे.

आपल्याकडे नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेने याहून सुटसुटीत वाट काढली. विनायक रानडे यांनी 2009 मध्ये ती सुरू केली. शंभर पुस्तकांची एक पेटी, ती वाचणाऱ्यांचा एक गट. काही महिन्यांनी पेटी पुढच्या गटाकडे जाते आणि दुसरी येते. यातली खुबी अशी की पेटीत काय आहे हे आपण ठरवत नाही. ग्रंथालयात माणूस आपल्या ओळखीच्या फळीपाशी जाऊन उभा राहतो. पेटी घरी आली की त्यातल्या, कधी नावही न ऐकलेल्या पुस्तकापाशीही हात जातोच आणि शेजारच्या घरी तेच पुस्तक आधी वाचलेलं असतं. मराठी माणूस गेला तशा या पेट्याही गेल्या, पार दुबईपर्यंत.

मॉर्गनच्या वर्षाचा विचार करताना मला सारखं वाटतं, आपण मराठी वाचकांनी आपल्याच देशावर असं एक वर्ष लावावं. साहित्य अकादमी 24 भाषांना मान्यता देते: घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या 22, शिवाय इंग्रजी आणि राजस्थानी. महिन्याला दोन पुस्तकं, बरोबर एक वर्ष. चार-सहा जणांनी मिळून घ्यावं, कारण एकट्याचं काम नाही हे पुढे दिसेलच.

सुरुवातीचे महिने सोपे. बंगालीतून मराठीत येण्याची वाट मामा वरेरकरांनी शरच्चंद्रांच्या कादंबऱ्या आणून केव्हाच रुळवली. कन्नडसाठी उमा कुलकर्णी आहेत. भैरप्पांची ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ मराठी घरांत पोचली ती त्यांच्यामुळे. पण ती कशी पोचली हे अनेकांना ठाऊक नसतं. उमाताईंना सुरुवातीला कन्नड लिपी वाचता येत नव्हती. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्याने वाचून टेपवर ध्वनिमुद्रित करायचे आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवायच्या. हजारो पानं एका घरात आवाजातून गेली आणि मग आपल्या हातात अक्षरं होऊन आली. पुढे या सगळ्या प्रवासावर त्यांनी ‘संवादु अनुवादु’ हे आत्मकथन लिहिलं.

हिंदी आपण मुळातूनच वाचतो. कोकणीही वाचून पाहावी. गोव्यातलं पुष्कळ कोकणी साहित्य देवनागरीत छापलेलं आहे आणि दामोदर मावजोंचं पान सावकाश, ओठ हलवत वाचलं तर मराठी कानाला बरंचसं उमगतं. मैथिली, नेपाळी, डोगरीही देवनागरीत. आणि बोडो! आसामातली ही भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही, पण आज ती देवनागरीत लिहिली जाते. बोडो पुस्तकाचं कुठलंही पान उघडा, एकेक शब्द उच्चारता येतो आणि अर्थ मात्र जवळजवळ कशाचाच लागत नाही. आपलीच अक्षरं आपल्यासमोर इतकी परकी होऊन उभी राहतात, हा अनुभव प्रत्येक मराठी वाचकाने एकदा तरी घ्यावा.

सिंधीचं उलट. अरबी वळणाची लिपी आपल्याला वाचता येत नाही, पण फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या घरांत ती वाचणारी वडीलधारी माणसं आहेत. त्यांच्याकडे जाऊन एखादी कथा मोठ्याने वाचून दाखवा आणि समजावून सांगा अशी विनंती केली, तर कोण नाही म्हणेल? उर्दूसाठी भिवंडी, मालेगाव, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) जवळच आहेत.

सगळ्यात अवघड बहुधा संथाली ठरेल. तिची ओल चिकी लिपी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी 1925 च्या सुमारास घडवली, एका भाषेला तिचे स्वतःचे आवाज लिहिता यावेत म्हणून. लाखो लोकांच्या तोंडी असलेल्या या भाषेतली गोष्ट आपल्यापर्यंत आणायची तर झारखंड-ओडिशाकडून शिकायला किंवा कामाला आलेलं कुणी आपल्या गावात आहे का, हे शोधावं लागेल, ओळख काढावी लागेल, दोनदा जाऊन बसावं लागेल. संथालीचं पुस्तक डिसेंबरात वाचायचं असेल, तर विचारपूस जानेवारीतच सुरू करायला हवी.