पद्मिनी उभी करताना

जुनी प्रीमियर पद्मिनी हाती आली की बहुतेक जण आधी रंग ठरवतात. माझ्या मते सुरुवात गाडीखाली शिरून करावी. या गाडीला वेगळी चासी नाही. तळाचा पत्रा, दारांखालच्या पोकळ पट्ट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे तळ सडला की गाडीचा कणाच खचतो.

१९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून मुंबईत कुर्ल्याला बनू लागलेली ही गाडी १९७४ पासून पद्मिनी झाली. समुद्राची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस तिने पिढ्यान् पिढ्या सोसला. काचेच्या कडेचे रबर कडक झाले की पाणी आत झिरपते, मॅटखालच्या नमद्यात मुरते आणि पत्रा आतून खाते. वरून मात्र सगळे चकचकीत दिसते, कारण भोकांवर लांबी भरलेली असते. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे लांबीचा जाड थर आहे.

सडलेली पट्टी कापण्याची घाई मात्र घातक. आधी गाडीला खालून सपाट आधार द्यावा, दाराच्या चौकटीत लोखंडी अँगल आडवे वेल्ड करावेत आणि एका वेळी एकच बाजू कापावी. हे टाळले तर सांगाडा मध्येच बसतो आणि मग कितीही ठोकले तरी दार नीट लागत नाही. नवा पत्रा जोडताना दार पुन्हापुन्हा बसवून फटी तपासाव्यात. पोकळीत शेवटी गंजरोधक मेण फवारायला विसरू नये. वेल्डिंगने जळलेला आतला भाग सर्वांत आधी गंजतो.

इंजिन १०८९ सीसीचे, साधे आणि दणकट. जाम झाले असेल तर थेट स्टार्टर मारू नये. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, मग पुलीच्या नटावर पाना लावून हाताने हलके फिरवावे. आजच्या पेट्रोलमधले इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. पेट्रोलचे पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणारेच घ्यावेत. ब्रेकच्या तेलात ओल शिरते, म्हणून चाकांतले ब्रेक सिलिंडर उघडून बघावेत आणि त्यांची रबरे, नळ्या सरसकट बदलाव्यात. इथे काटकसर नको.

जुने सुटे भाग कुर्ल्याच्या भंगारबाजारात शोधता येतात, पण काढलेला तुकडा नवा बसेपर्यंत फेकू नये. मोजमाप त्याच्यावरूनच मिळते.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूप राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराची मात्र परवानगी नाही. १९७४ च्या पद्मिनी आता या वयात आल्या आहेत. म्हणून स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा आणि मूळ डॅशबोर्ड जपावा, आणि पत्राकाम सुरू होण्याआधीच चासी नंबर आरसी बुकाशी ताडून, त्याचा फोटो काढून, त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी. ग्राइंडरखाली तो घासला गेला तर कागदोपत्री ती गाडी तुमची आहे हे सिद्ध करणे फार अवघड जाते.